चिलटं यायच्या आत

२३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं एकदाचं. या वर्षी पाहुण्यांची डोंगरभटकंती एप्रिलमध्ये.

सकाळी पेज ढवळता ढवळता लॅकलनला सांगितलं. तो वाडग्यात बघत म्हणाला, "एप्रिलमध्ये मेंढ्या विणार."

"मेंढ्या विणार. तू नाही विणार."

यावर त्यानं वाडगा पुढे केला. माझा भाऊ एकूणच गप्प असतो. साठीला आला, त्यातली निम्मी वर्षं खिडकीबाहेर बघण्यात गेली असतील. ढग बघतो म्हणतो.

पण मला दुसरा मार्ग दिसत नाही. गेल्या जुलैची नुसती आठवण आली तरी अंगाला खाज सुटते. पाहुणे आले तेव्हा काय उत्साह होता! दुसऱ्याच दिवशी बेन ग्रून डोंगराच्या खांद्यावर वारा पडला आणि चिलटं उठली. आपली नेहमीचीच, एकेकटं दिसणारही नाही इतकं बारीक, पण येतात ती धुरासारखी, आणि कानात, नाकात, पापण्यांत शिरून चावतात. त्यातला एक चांगला धिप्पाड गडी, पोलिसात होता म्हणे, पाठीवरची पिशवी टाकून डोंगर उतरत सुटला आणि कपड्यांसकट समुद्रात शिरला. नुसतं डोकं बाहेर ठेवून उभा. ते डोकंही चावून निघालं. सगळे पुढच्या बोटीनं परत. नंतर त्यातल्या कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, 'बेट फार सुंदर. जेवण उत्तम. पण आम्ही जेवतोय की आम्हाला जेवतायत ते कळेना.'

असा आणखी एक उन्हाळा गेला तर पाहुण्यांचं घर बंदच करावं लागेल. आणि घर बंद केलं की मी काय करायचं? लॅकलनबरोबर ढग बघायचे?

मार्चात गारांचा मारा, दिवस मुठीएवढा. मेच्या मध्यावर चिलटं. म्हणजे मधे एवढीशी फट उरते. त्या फटीत मी आठवडा बसवला आहे. १८ ते २५ एप्रिल.

२ मार्च

मर्डोच्या दुकानात पाटी लावली. मजकूर माझा: 'ग्रूनसे बेटावर डोंगरभटकंती. चावणारा एकही किडा नाही.' पोस्टातल्या मुलीनं तेच इंटरनेटवर टाकलं.

मर्डोनं चष्मा वर करून वाचलं. "एकही नाही?"

"एकही नाही."

"गोचिडींना कळवलंस का?"

"गोचिडी मेंढ्यांना असतात."

"आणि मेंढ्या कुठे असतात? डोंगरावरच ना?"

या माणसाला कुठल्याही कामात खोट काढल्याशिवाय पाव विकता येत नाही. बारा महिने टिकून राहिलेल्या त्याच्या बिस्किटांबद्दल मी कधी काही बोलले का?

वर त्यानंच बातमी दिली की डोलिनासुद्धा वसंतात पाहुणे घ्यायचं म्हणतेय. डोलिना! पश्चिमेच्या खाडीवर तिचं घर. तिकडे बारा महिने वारा असतो, म्हणून चिलटं कमी, म्हणून पाहुणे तिच्याकडे. त्यात तिचं कर्तृत्व काय? वारा काय तिनं वळलाय? नवरा जाऊन सात-आठ वर्षं झाली. खेकडे धरायचा, चांगला माणूस होता. ही मात्र चर्चच्या दारातही खदाखदा हसते.

लॅकलनला म्हटलं, "उद्या जरा पश्चिमेला जाऊन ये. तिचं काय चाललंय बघ. सहज गेल्यासारखं जा."

"जातो," म्हणाला. लगेच! छप्पर दुरुस्त कर म्हणून दोन वर्षं सांगतेय, त्याला 'बघू'.

३ मार्च

लॅकलन सकाळी गेला तो चहाच्या वेळेला आला. काय कळलं विचारलं तर म्हणाला, "वारा होता." दिवसभरात एवढंच? म्हटलं, तू हेर म्हणून अगदीच कुचकामी आहेस, गुरुवारी परत जा. हो म्हणाला.

१२ मार्च

अंगाला लावायच्या औषधांची तपासणी सुरू केली. एप्रिलमध्ये गरज पडायची नाही, पण पाहुण्यांना आपण तयारीत आहोत असं दिसलं पाहिजे. लव्हेंडरचं तेल, लिंबाच्या वासाचं एक, आणि ती गुलाबी बाटली, जी बायका अंघोळीनंतर अंग मऊ राहायला लावतात आणि आपल्याकडे कोळीही चोळून घेतात. लॅकलनला म्हटलं, रोज एक लावून बघ. तो बुजेल असं वाटलं होतं. कसला बुजतोय! मागे-पुढे, कानामागे, सगळीकडे लावून पश्चिमेला निघाला.

"अरे, पण चिलटं नाहीतच अजून. तपासणार कशावर?"

"वास किती वेळ टिकतो ते बघायला कुणीतरी पाहिजे ना."

बरोबर आहे. मला तर गेल्या वर्षीच्या सर्दीपासून वासच नीट येत नाही. संध्याकाळी येऊन म्हणाला की गुलाबी बाटली सगळ्यांत चांगली. मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणे, "सर्वानुमते."

२७ मार्च

आठ जणांनी नावं नोंदवली! आठ! शहरातली माणसं चिलटांना केवढी घाबरून आहेत. डन्डीचे एक मिस्टर हॉर्सबर्ग तर फोनवर तीनदा विचारत होते, नक्की ना, नक्की ना. मी म्हटलं, "साहेब, माझ्या शब्दावर या."

पण पलंग पाच. मी हॉलमध्ये गाद्या घालायचा विचार करत होते, तर लॅकलन खिडकीकडे बघत म्हणाला, "तिघांना डोलिनाकडे ठेवता येईल."

"माझे पाहुणे? डोलिनाकडे?"

"डोंगरावरून पलीकडे उतरायचं. तिच्याकडे चहा. दुसऱ्या दिवशी इकडे यायचं. वाट तशीच आहे."

एका दमात इतकी वाक्यं त्यानं आईच्या मर्तिकातही बोलली नव्हती. मी बघतच राहिले. कल्पना वाईट नाही, हे इथे लिहिते. त्याला नाही सांगितलं. दोन दिवस तंगवलं आणि मग हो म्हटलं.

६ एप्रिल

मेंढ्या व्यायला लागल्या. आमच्या आपल्या आपण वितात, सकाळी उठावं तर कोकरू उभं. डोलिनाच्या मेंढ्या मात्र फारच नाजूक दिसतात. या आठवड्यात लॅकलनला चारदा जावं लागलं. तिला आहेत दोन मेंढ्या. परमेश्वरा, काय हाल होत असतील बिचाऱ्यांचे.

१० एप्रिल

मला लॅकलनची काळजी वाटते.

गोठ्यात शीळ घालत होता. मग जेवताना चमच्याच्या पाठीत स्वतःचं तोंड बघत होता. बाबांचा ट्वीडचा कोट, जो फक्त मर्तिकाला बाहेर निघतो, तो घालून कुंपण दुरुस्त करायला गेला. हेक्टरकाकाचं असंच सुरू झालं होतं. आधी गुणगुणायला लागला, मग एक दिवस कोंबड्यांना आपली भाषा सोडून इंग्रजीतून हाका मारायला लागला, मग संपलंच. लॅकलनला मी विचारलं, "आज वार कोणता?" म्हणाला, "शुक्रवार. का?" बरोबर सांगितलं, पण जरा दचकून सांगितलं.

उद्यापासून कॉड माशाचं तेल दोन चमचे. बडबडायला लागला तर मुख्य बेटावरच्या डॉक्टरला दाखवायचं. बिचाऱ्याला माझ्याशिवाय कोण आहे? अंडंसुद्धा उकडता येत नाही त्याला.

१८ एप्रिल, शनिवार

पाहुणे आले. धक्क्यावर बोट लागली तेव्हा गारा पडत होत्या, हे मी मुद्दाम सर्वांच्या लक्षात आणून दिलं. गारांत चिलटं नसतात.

मिस्टर हॉर्सबर्ग उतरले ते डोक्यावर जाळीची टोपी घालूनच, गळ्याशी दोरी आवळलेली, आणि खाली अर्धी विजार. पंचेचाळीस वर्षं बस चालवली, आता पाय मोकळे करायचेत म्हणाले. पेझलीच्या दोन बहिणी, नेटा आणि रोबिना गिलफिलन, सत्तरीच्या, हरणासारख्या तुरुतुरु चालतात. नेटा बोलते आणि रोबिना 'हो ना' म्हणते. बाकी एक तरुण जोडपं, जे एकमेकांखेरीज काही बघत नाही, आणि तीन मित्र, ज्यांची नावं मी सारखी अदलाबदल करते.

जेवताना मिस्टर हॉर्सबर्ग जाळी वर करून सूप प्यायले आणि परत खाली ओढली.

१९ एप्रिल

रविवार. चर्च. गारा. पाहुणे खिडकीतून डोंगराकडे बघत बसले. डोंगर कुठेय विचारत होते. मी बोट दाखवलं, पण ढगात मलाही खात्री नव्हती.

२१ एप्रिल, मंगळवार

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण न लिहिता झोप येणार नाही.

सकाळ अशी उजाडली की काय सांगू. ऊन, निळं आभाळ, वारा अगदी नावापुरता. आम्ही निघालो, पुढे लॅकलन, मागे मी. वर पोचेपर्यंत वारा पूर्ण पडला. जुलै असता तर एव्हाना आम्ही सगळे नाचत असतो. मी हात पसरून उभी राहिले. एक चिलट नाही! म्हटलं, "मंडळी, हात बाहेर काढा. काही चावतंय?" सगळ्यांनी हात उलटसुलट करून बघितले. तिघा मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर हॉर्सबर्गनी सावकाश दोरी सोडली, जाळी काढली, आणि समुद्राकडे बघून म्हणाले, "केवढं आहे हे." माणसाचं तोंड चांगलं आहे. मी चार शब्द बोलले, फटीबद्दल, नियोजनाबद्दल. कदाचित चारपेक्षा जास्त असतील.

मग जेवायला बसायला मी जागा निवडली. खडकाच्या आडोशाला, वाळलेल्या नेच्यांत आणि हेदरच्या झुडपांत, गादीसारखं मऊ. लॅकलन म्हणाला, "इथे नको. मेंढ्या बसतात इथे." मी म्हटलं, "म्हणजे जागा चांगलीच असणार." सगळे ऐसपैस लोळले. तरुण जोडपं तर जास्तच.

पश्चिमेला उतरलो. डोलिना दारात उभी, हसतच. स्वयंपाकघर ऊबदार, टेबलावर स्कोनचे छोटे पाव, लोणी, आणि एक मोठी हॅडॉक माशाची पाई, वरचा बटाट्याचा थर असा खरपूस की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. (तोंडावर काही दिसू दिलं नाही.) चहा ओतायला लागली तोच नेटा गिलफिलन म्हणाली, "रोबिना, तुझ्या मनगटावर तीळ कधीपासून?"

"नाहीये गं."

"अगं, मग हा काय? आणि याला पाय कसे?"

पुढची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. एका मित्राच्या पोटरीवर निघाली. दुसऱ्याच्या बगलेत. तरुण मुलगी किंचाळली, मुलगा तिच्याहून मोठ्यानं. मिस्टर हॉर्सबर्गनी वाकून आपले उघडे पाय बघितले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही चिलटांबद्दल बोलला होतात. यांचं नाव घेतलं नव्हतं."

भूमीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पाटीवर मी काय लिहिलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं.

पण डोलिनानं टाळी वाजवली. "घाबरायचं काही नाही! गोचीड आहे, वाघ नाही. बायका इथे, पुरुष धुण्याच्या खोलीत. कपडे उतरवा आणि एकमेकांना बघा. ओढायची नाही, पिरगाळून काढायची, हा गोचीड काढायचा आकडा घ्या. ज्याला जास्त सापडतील त्याला पाईचा पहिला तुकडा!"

आणि काय आश्चर्य, सगळे हसायला लागले. दारापलीकडून पुरुषांचे आकडे ऐकू येत होते, "हॉर्सबर्ग, अकरा!" "बारा! गुडघ्याच्या मागे एक!" इकडे रोबिना, जी तीन दिवस फक्त 'हो ना' म्हणत होती, ती नुसत्या पेटीकोटात उभी राहून ओरडली, "माझ्या सात! नेटा, तुझ्या तीनच!" आयुष्यात पहिल्यांदा जिंकली असावी.

मी विचार करत होते, आठवडा वाचला. माझी लाज या बाईनं वाचवली, हे गिळायला जड होतं, पण वाचला.

सगळे परत टेबलाशी बसले. मग लॅकलन आत आला, म्हणाला, "मानेवर एक आहे. मला दिसत नाही."

मी उठले. त्याच्या गोचिडी जन्मभर मीच काढत आले आहे, तो चार वर्षांचा असल्यापासून. पण मी खुर्ची मागे सारेपर्यंत डोलिना त्याच्यापाशी पोचलीही होती. तिनं चष्मा लावला नाही. कॉलर वळवली ती न बघता, जशी आपण आपल्या घरातली खिटी काळोखातही काढतो. डावा हात त्याच्या कपाळावर ठेवला, डोकं आपल्या पोटाशी टेकवून घेतलं, आणि त्यानं डोळे मिटले.

मी हातात चमचा धरून उभी. लॅकलनचं मिटलेल्या डोळ्यांचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं.

"अगदी आमच्या आईबाबांसारखे," नेटा गिलफिलन म्हणाली. "किती वर्षं झाली हो तुमच्या लग्नाला?"

डोलिनाच्या हातातला आकडा तसाच राहिला. लॅकलननं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "अजून नाही."

अजून!

मी चमचा ठेवला, कोट घेतला आणि डोंगरावरून एकटी घरी आले. ती पाई कुणी केली होती, हे तेवढं निघताना नेटानं विचारलं म्हणून कळलं. "लॅकलननं," डोलिना म्हणाली. "आमच्याकडे मासे तोच करतो."

२२ एप्रिल

डोंगरावरून परत आलेल्या पाहुण्यांना पेज दिली. लॅकलनला पण दिली. थंड.

दुपारी मर्डोकडे गेले. म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"मर्डो!"

त्यानं काउंटर पुसायला घेतला. "इशबेल, अख्ख्या बेटाला माहीत होतं. बोटीच्या कप्तानाला माहीत आहे. मला वाटलं तुलाही माहीत आहे आणि तू मुद्दाम पाठवतेस. मी तर म्हणायचो, बाई मनाची मोठी."

परत येताना सगळं एकेक करून आठवलं. गुलाबी बाटली. सर्वानुमते! दोन मेंढ्यांची ती बाळंतपणं. मीच त्याला मंगळवारी आणि गुरुवारी तेल लावून, कोट घालून पाठवत होते. वर कॉड माशाचं तेल पाजून.

२३ एप्रिल

पाहुणे खाली किनाऱ्यावर गेले होते. लॅकलन गोठ्यात होता. मी दारात उभी राहिले.

"किती दिवस?"

"तीन वर्षं होतील."

"तीन वर्षं! आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

त्यानं कोकराची बाटली बादलीत ठेवली. "तोंड होतं. तुझं तोंड बघितलं की राहून जायचं."

"काय वाईट आहे माझ्या तोंडाला?"

"वाईट नाही गं. तू रोज सकाळी म्हणतेस, लॅकलन, मी नसते तर तुझं काय झालं असतं. मग कसं सांगू?"

"अंडं उकडता येत नाही तुला!"

"येतं."

"मग तीस वर्षं—"

"तुला आवडतं ना करायला. मी केलं असतं तर तू काय केलं असतंस?"

बोलण्यासारखं बरंच होतं, पण खरं त्याचंच होतं. मग तो हळूच म्हणाला, "तू एकटी पडशील, त्याची मला भीती वाटते."

"मला कसली भीती?" मी म्हटलं. "आठ पाहुणे आहेत माझे."

"ते शनिवारी जाणार."

कोकराला उरलेलं दूध मीच पाजलं. त्याला म्हटलं तू जा, पश्चिमेला तुझी वाट बघत असतील. रागानं म्हणायचं होतं. तसं निघालं नाही.

२५ एप्रिल, शनिवार

मंडळी गेली. धक्क्यावर मी तोंड घट्ट करून उभी होते, आता तक्रारी ऐकायच्या म्हणून. रोबिनानं मला मिठी मारली! तिघा मित्रांनी पुढच्या एप्रिलचं सांगून टाकलं, फक्त जेवायला खडकावर बसवा म्हणाले. मिस्टर हॉर्सबर्गनी जाळीची टोपी काढून मला दिली. "मला नको आता. चेहरा झाकला आणि पाय खाल्ले गेले. सप्टेंबरात येतो, लांब विजार घालून. तेव्हा काय चावतं?"

"सप्टेंबरात थोडी चिलटं, थोड्या गोचिडी आणि मर्डो," मी म्हटलं.

खूप हसले. मलाही हसू आलं. पाटी बदलली आहे. आता लिहिलंय, 'चावणारे किडे मोजकेच.'

२८ एप्रिल

डोलिना आली. डोंगरावरून, चालत, धापा टाकत. मी चहा टाकला, कारण टाकावाच लागतो.

बसली. हसली नाही. पहिल्यांदाच. म्हणाली, "इशबेल, शिव्या द्यायच्या तर दे. मी ऐकून घेईन."

मी जुळवलेली सगळी वाक्यं आठवून बघितली. एकही जागेवर सापडेना. म्हटलं, "तुझ्या पाईत मीठ कमी होतं."

"तू खाल्लीस कुठे? तू तर उठून गेलीस."

"वासावरून कळलं."

"तुला वास येत नाही. लॅकलननं सांगितलंय."

आणि मग ती हसली, तीच ती, चर्चच्या दारातली. मी गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण ते हसू बंद खोलीत फार मोठं होतं.

जाताना दारात थांबून म्हणाली, "लग्न बाहेरच करायचंय, खाडीवर. माझे भाऊ जुलैत बघू म्हणतायत."

"जुलै? वेड लागलंय का? पाद्रीबुवांना समुद्रात उभं करणार का?"

"मग तूच तारीख काढ. तुझ्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?"

मला कळलं ती मला लोणी लावतेय. लावू दे. ९ मे सांगितली. वायव्येचा वारा राहील, गोचिडींसाठी गवत कापून घ्या म्हटलं.

९ मे

लग्न झालं. वारा इतका की पाद्रीबुवांचं अर्धं बोलणं समुद्रावर गेलं आणि डोलिनाची टोपीही. एक चिलट नाही. लोकांनी येऊन माझं अभिनंदन केलं, जसं काही माझंच लग्न.

लॅकलन अजून इथेच आहे. शेवटची मेंढी व्यायची आहे म्हणतो. या खेपेला खरंच आहे, मी जाऊन बघून आले.

२३ मे, शनिवार

आज लॅकलन गेला.

ट्रॅक्टरच्या मागे त्याचं सामान, एक कपाट, एक खुर्ची, बाबांचा कोट आणि ढग बघायची दुर्बीण. साठ वर्षांचं एवढंच. मी काल रात्रभर, म्हणजे जाग होती तेवढा वेळ, काय बोलायचं ते जुळवत होते. आईचं नाव घ्यायचं, डोलिनाला नीट वाग म्हणायचं, दर रविवारी जेवायला ये म्हणायचं. न रडता म्हणायचं, हे सगळ्यांत महत्त्वाचं. मी रडले तर तो जाणार नाही, खुर्ची उतरवून परत आत आणेल, हे मला पक्कं माहीत.

दारात उभे राहिलो. सकाळपासून पाऊस भुरभुरून थांबला होता. ढग खाली. वारा पडलेला. तो टोपी हातात फिरवत होता. मी तोंड उघडलं, म्हटलं, "लॅकलन, आईनं जाताना मला—"

आणि एक चिलट माझ्या तोंडात गेलं.

मी थुंकले. त्यानं कानावर चापट मारली. मग मानेवर. बघता बघता ट्रॅक्टरभोवती, आमच्याभोवती करडा धूर उठला, वर्षातला पहिला. डोळ्यांत, केसांत, बाहीत. मी हात झाडत होते, तो पाय आपटत होता.

"आईनं काय?" तो ओरडला.

"काही नाही! जा! पळ!"

"रविवारी येतो!"

"ये! पळ आता, खातील तुला!"

ट्रॅक्टरवर चढला, मग उतरला, चार ढांगांत परत आला, मला एकदा घट्ट धरलं, आणि दोघेही एकमेकांच्या पाठीवर चिलटं मारत उभे राहिलो, फार तर दहा श्वास. त्याचे डोळे लाल, पाणी वाहतंय. माझेही. कुणाचं कशानं ते विचारायची वेळ नव्हती, आणि गरजही नव्हती. मे महिन्यात या बेटावर कुणाचेही डोळे असेच असतात.

मी आत पळाले, दार लावलं आणि खिडकीशी गेले. ट्रॅक्टर चढावर लागला होता. मागे कपाट डुलत होतं, आणि लॅकलन एका हातानं चाक धरून दुसऱ्यानं स्वतःच्या डोक्यावर फटाफट मारत होता. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस सारखा हात हलवून निरोप घेतोय. मीही काचेआडून हात हलवत राहिले, तो डोंगराच्या खांद्यापलीकडे दिसेनासा होईपर्यंत.

मग तोंड धुतलं. सगळं सुजलंय.